आयसीयूतल्या सिस्टरचे आभार नेमके कसे मानावेत? (इंदूर)

रामबाग_इंदूर
नमस्कार मंडळी. सासूबाई (वय 71) न्यूमोनियामुळे इथल्या एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत होत्या, त्यातला बराच काळ व्हेंटिलेटरवर. आता घरी आहेत, धरून धरून चालतात, मऊ भात खातात. रात्रपाळीला एक केरळची सिस्टर असायची. सासूबाई औषधांच्या गुंगीत असतानाही ती आधी सांगायची, "अम्माजी, अब करवट दिला रही हूँ," आणि मगच हात लावायची. केसांचा गुंता होऊ नये म्हणून दोन्ही कानांच्या बाजूने वेण्या घालायची. जरा शुद्धीवर आल्या तेव्हा सगळ्यात आधी चष्मा मागवून घेतला तिनेच. आम्हाला काचेतून जेवढं दिसलं तेवढंच इतकं होतं, तर न दिसलेलं किती असेल!

आता घरात तीन मतं आहेत. ह्यांचं म्हणणं पाकीट द्यावं, नणंदबाई म्हणतात चांगली साडी घेऊ, मला वाटतं पत्र लिहावं. पत्र लिहायचं तर कोणाच्या नावे, कुठल्या भाषेत, आणि त्याचा तिला खरंच काही उपयोग होतो का? बाकीच्या स्टाफचं काय करायचं? आणि अशा सिस्टरसाठी कुठला पुरस्कार असतो का?

नर्सिंग_ट्यूटर_इंदूर
ताई, तुमचं मत बरोबर आहे. पत्रच लिहा. पाकीट अजिबात नको. बहुतेक खासगी हॉस्पिटलांत नर्सने पेशंटकडून पैसे घेतले तर ती शिस्तभंगाची बाब ठरते. तुम्ही प्रेमाने दिलेले पैसे कॅमेऱ्यात दिसले किंवा कुणी सांगितले, तर खुलासा तिला लिहून द्यावा लागेल. साडीचंही तेच. महागडी वस्तू एकटीला मिळाली की ती घरी नेताना तिलाच अवघडल्यासारखं होतं.

पत्राचा उपयोग का होतो ते सांगते. नर्सबद्दल कागदावर जे येतं ते बहुतेक तक्रारीच्या रूपात येतं: इंजेक्शनला उशीर झाला, बेल वाजवली तरी कुणी आलं नाही. चांगलं काम कुठे लिहिलंच जात नाही. पेशंट इतके दिवस पडून असूनही अंगावर चट्टा नाही, नळी निघाली नाही, हे सगळं 'काही झालं नाही' याच सदरात जातं. वार्षिक मूल्यमापन होतं तेव्हा फाइलमध्ये घरच्यांचं सहीचं पत्र असेल तर इनचार्जला तिच्या बाजूने बोलायला आधार मिळतो. एनएबीएचची (हॉस्पिटलांचा दर्जा तपासणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या हॉस्पिटलला पेशंटचा अभिप्राय घेण्याची आणि नोंदवण्याची पद्धत ठेवावीच लागते, त्यामुळे तिथे पत्र सहसा गहाळ होत नाही.

पत्र नर्सिंग सुपरिटेंडंटच्या नावे लिहा. मोठ्या हॉस्पिटलात हे पद चीफ नर्सिंग ऑफिसर म्हणून असतं. प्रत मेडिकल सुपरिटेंडंटला आणि एक एचआरला. तिसरी प्रत पाकिटात घालून त्या सिस्टरला, सोबत हाताने लिहिलेल्या चार ओळी. नुसती तिलाच चिठ्ठी दिली तर ती तिच्या पर्समध्ये राहील, फाइलला लागणार नाही.

वरच्या भागात पेशंटचं नाव, यूएचआयडी किंवा आयपीडी नंबर (हॉस्पिटलने पेशंटला दिलेला नोंदणी क्रमांक, डिस्चार्ज कार्डावर असतो), बेड नंबर, दाखल आणि डिस्चार्जच्या तारखा. मग सिस्टरचं पूर्ण नाव. केरळच्या किती तरी मुलींची नावं सारखी असतात, एका आयसीयूत दोघी-तिघी एकाच नावाच्या सापडतात, म्हणून बॅजवरचं पूर्ण नाव हवं. डिस्चार्ज समरीत नर्सचं नाव नसतं. ते माहीत नसेल तर बेड नंबर, तारीख आणि पाळी लिहा, नर्सिंग ऑफिस ड्यूटी रोस्टरवरून शोधून काढतं. खाली तुमची सही, पेशंटशी नातं, फोन.

भाषा: फाइलची प्रत हिंदी किंवा इंग्रजीत. आपलं इंदूर मराठीचं माहेर असलं तरी एचआरमध्ये मराठी वाचणारं कोणी असेलच असं नाही. सिस्टरच्या हातची चिठ्ठीही हिंदीत लिहा, सोप्या. खाली सासूबाईंची सही किंवा जमेल तसं नाव त्यांच्याच हाताने लिहून घ्या. ज्या हाताला तिने सलाइनच्या सुईपासून जपलं त्या हाताची अक्षरं तिला बघायला मिळू देत.

क्रिटिकलकेअर_बडोदा
वरच्या पोस्टशी शंभर टक्के सहमत. मी एवढंच जोडेन की पत्रात 'खूप प्रेमळ', 'देवासारखी' एवढंच लिहून थांबू नका. प्रेमळपणा होताच, पण तुम्ही काचेतून जे पाहिलंत त्यातली प्रत्येक गोष्ट कौशल्याची आहे आणि सुपरिटेंडंटला ती तशी वाचता आली पाहिजे. तुम्ही लिहिलेल्या गोष्टी एकेक करून घेऊ.

कूस बदलण्याआधी सांगणं. गुंगीतल्या पेशंटला ऐकू येत असण्याची शक्यता धरूनच आयसीयूत काम करायचं असतं. न सांगता अंग वळवलं तर पेशंट दचकतो, नाडी आणि बीपी वर जातं, खोकला येतो, घशातली नळी ओढली जाते. व्हेंटिलेटरच्या पेशंटला साधारण दर 2 तासांनी वळवतात, तेही दोघांनी मिळून, आणि एकीचा हात नळीवर धरलेला. वळवण्याआधी तोंडातली लाळ सक्शनने, म्हणजे बारीक नळीने ओढून, काढावी लागते, नाहीतर ती फुग्याच्या कडेने खाली फुप्फुसात उतरते. नळीच्या टोकाला हा हवेचा फुगा असतो, त्याचा दाब 20 ते 30 सेंटीमीटर पाण्याइतका ठेवतात. कमी झाला तर गळती, जास्त झाला तर श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराचा रक्तपुरवठा दबतो. सक्शन करताना आधी शंभर टक्के ऑक्सिजन देतात आणि एका वेळी 10-15 सेकंदांच्या वर ती बारीक नळी आत ठेवत नाहीत.

दोन वेण्या. हे वाचून फार बरं वाटलं. मागे एकच वेणी किंवा अंबाडा घातला तर त्याची गाठ डोक्याखाली येते आणि पाठीवर झोपलेल्या पेशंटला तिथेच जखम होते. माकडहाड, टाचा, डोक्याची मागची बाजू, कानाच्या पाळ्या, या जागा बेडसोरच्या, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांच्या, असतात. त्यांच्या टाचांखालीही काही ठेवलेलं दिसलं असेल, बहुधा पोटरीखाली उशी, म्हणजे टाच गादीला टेकतच नाही. डिस्चार्जच्या वेळी अंगावर एकही जखम नव्हती का? नसेल तर ते वाक्य पत्रात सगळ्यात वर घाला. इतके दिवस व्हेंटिलेटरवर काढलेल्या 71 वर्षांच्या बाईच्या पाठीला जखम नसणं हे नर्सिंगचं प्रमाणपत्रच आहे.

चष्मा. शुद्धीवर येताना पेशंट गोंधळतो, दिवस-रात्र कळत नाही, भिंतीवर माणसं दिसतात, नळ्या ओढायला हात जातो. याला डिलिरियम म्हणतात आणि व्हेंटिलेटरवरच्या वयस्कर पेशंटमध्ये तो फार आढळतो. चष्मा, कानाचं यंत्र, समोर घड्याळ, आज कोणता वार हे सांगणं, रात्री दिवे मंद करणं, याने तो आवरायला मदत होते. हात बांधून ठेवणं सोपं असतं. तिने चष्मा मागवला.

तिने डोळ्यांत मलम घातलेलं, दात ब्रशने घासलेले, डोक्याकडचा पलंग 30 ते 45 अंश वर ठेवलेला दिसला असेल तर तेही लिहा. अर्धवट उघड्या पापण्यांनी बुबुळ कोरडं पडतं. दात घासल्याने आणि डोकं वर ठेवल्याने व्हेंटिलेटरमुळे होणारा न्यूमोनिया टाळायला मदत होते. एका न्यूमोनियातून बाहेर काढताना दुसरा होऊ न देणं, हे त्या रात्रींचं खरं काम.

लष्कर_ग्वाल्हेर
सरकारी हॉस्पिटलवाल्यांसाठी थोडं. इंदूरचं एमवाय, ग्वाल्हेरचं जयारोग्य किंवा बडोद्याचं एसएसजी असेल तर भेटवस्तूचा विचारच सोडा. सरकारी नोकरांना आचरण नियम लागू असतात (मध्य प्रदेशात 1965 चे), भेटी घेण्यावर त्यात बंधनं आहेत. पैशांची गोष्ट तर थेट लाचेच्या कायद्यापर्यंत जाऊ शकते. पत्र अधीक्षकांच्या नावे, प्रत मेट्रनला (नर्सेसच्या प्रमुख). हातोहात कुणाकडे देऊ नका. आवक शाखेत द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. असं दिलं की ते पत्र नोंदीवर येतं.

पुरस्काराचं विचारलंत. केंद्र सरकारचा राष्ट्रीय फ्लोरेन्स नाइटिंगेल पुरस्कार 1973 पासून आहे, आरोग्य मंत्रालयाचा, राष्ट्रपतींच्या हस्ते देतात. मानपत्र, पदक आणि अलीकडे 1 लाख रुपये. पण तो दीर्घ सेवेसाठी असतो, तरुण सिस्टरला एका पेशंटवरून मिळणारा नव्हे. तिच्या फाइलमध्ये अशी पत्रं साठत गेली तर पुढे कधीतरी अर्जाला जोडायला उपयोगी पडतील, एवढंच.

घरच्यांनी नाव सुचवायचा पुरस्कार म्हणजे डेझी अवॉर्ड. मूळ अमेरिकेचा. पॅट्रिक बार्न्स नावाचा 33 वर्षांचा तरुण 1999 मध्ये रक्तातल्या प्लेटलेट्स कमी होण्याच्या आजारात गेला. त्याच्या घरच्यांना वाटलं, मुलगा वाचला नाही तरी नर्सेसनी जे केलं त्याचे आभार मानलेच पाहिजेत, आणि त्यातून ही संस्था निघाली. आजारपणात पॅट्रिकची भूक गेली होती, तेव्हा दालचिनीचा रोल त्याला आवडला आणि दुसऱ्या दिवशी त्याने नर्सेससाठीही मागवायला लावला. म्हणून आजही पुरस्काराबरोबर संबंध युनिटला दालचिनीचे रोल देतात. हॉस्पिटल त्या योजनेत असेल तरच नाव पाठवता येतं, नर्सिंग ऑफिसला विचारा. नसेल तरी बहुतेक मोठ्या हॉस्पिटलांत 12 मे ला, म्हणजे नाइटिंगेलच्या जन्मदिवशी, नर्सेस डेचा कार्यक्रम असतो आणि त्यात आपापले सत्कार होतात. पत्र त्याआधी पोचलं तर चांगलं.

सुदामानगरकर
बाकीच्या स्टाफसाठी खाऊ. यात लोक दोन गोष्टींत चुकतात, काय न्यायचं आणि कधी जायचं.

दुधा-माव्याची मिठाई नको. आयसीयूत एका वेळी सगळे खायला बसत नाहीत, डबा पँट्रीत पडून राहतो, रात्रपाळीच्या हाती येईपर्यंत उन्हाळ्यात आंबतो. उघडा मोठा डबाही नको, कारण त्यात दहा हात जातात आणि तिथली मंडळी हाताच्या स्वच्छतेला फार जपतात. छोटी सीलबंद पाकिटं घ्या. इंदूरला काय तोटा, लौंग सेव, लसूण सेव, मिक्श्चर, 100-150 ग्रॅमची पाकिटं कुठेही मिळतात. सोबत चिक्की किंवा बेसनाचा लाडू एकेक, गुंडाळलेला. शेंगदाणे असतील तर पाकिटावर दिसू द्या, एखाद्याला चालत नाहीत.

किती? 10-12 खाटांच्या आयसीयूत एका पाळीला साधारण 6 ते 8 नर्स. तीन पाळ्या, शिवाय आया बाई, वॉर्डबॉय, सफाईवाले, ड्यूटी डॉक्टर. 40 पाकिटं धरा. तीन पिशव्या करा आणि प्रत्येकीवर जाड अक्षरात 'मॉर्निंग', 'इव्हनिंग', 'नाइट' लिहा. हे नाही केलं तर सकाळची पाळी संपवते आणि जिच्यासाठी आणलं तीच राहते. आया बाईंना विसरू नका. सासूबाईंचं अंग पुसायला, चादर बदलायला दुसरे दोन हात त्यांचेच होते.

सकाळी 8, दुपारी 2, रात्री 8 च्या आगेमागे अर्धा तास पाळी बदलताना हँडओव्हर (पुढच्या नर्सला पेशंटची माहिती देणं) चालतो, तेव्हा जाऊ नका. सकाळी राउंडच्या वेळीही नको. दुपारी साडेतीन-चार बरं. आत जायचा आग्रह धरू नका, दारातूनच इनचार्ज सिस्टरला बोलवा. आणि फुलांचा गुच्छ नको. आयसीयूत फुलं सहसा घेतच नाहीत, फुलदाणीच्या पाण्यात जंतू वाढतात, बिचारा गुच्छ गार्डच्या टेबलावर राहतो.

रामबाग_इंदूर
सगळ्यांचे मनापासून आभार. पाकीट आणि साडी दोन्ही रद्द, घरात एकमत झालं. पाठीला खरंच एकही जखम नव्हती, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. पत्राचा मधला भाग असा लिहिलाय, बघता का? (हिंदी नंतर करते.)

"सिस्टर रात्रपाळीला असताना आमच्या आईंना वळवण्याआधी, सक्शनआधी प्रत्येक वेळी नाव घेऊन सांगत. केस दोन बाजूंना बांधत, त्यामुळे डोक्यामागे दाब आला नाही. डिस्चार्जच्या वेळी अंगावर एकही बेडसोर नव्हता. शुद्धीवर येताना आई गोंधळल्या होत्या, तेव्हा सिस्टरने चष्मा मागवला, रोज वार आणि वेळ सांगितली. एकदा रात्री आई फार घाबरल्या तेव्हा भेटीची वेळ नसतानाही त्यांनी आमच्या मुलाला पाच मिनिटं आत सोडलं आणि स्वतःच्या फोनवरून नातीशी बोलायला दिलं. इतर सिस्टर असं करत नाहीत. त्या एकट्याच माणुसकीने वागल्या."

क्रिटिकलकेअर_बडोदा
पहिला अर्धा भाग फार छान. तो तसाच ठेवा. शेवटची तीन वाक्यं मात्र आजच काढा.

अवेळी आत सोडणं आणि ड्यूटीवर स्वतःचा फोन पेशंटला देणं, दोन्ही नियमाबाहेरचं आहे. तिने ते तुमच्यासाठी केलं. तुम्ही लेखी दिलंत तर एचआरच्या टेबलावर कबुलीजबाब जाईल, तिच्या नावाने. त्याचे आभार तोंडी माना. पत्रात "घाबरलेल्या असताना शेजारी थांबून धीर दिला" एवढं पुरेसं.

'इतर सिस्टर असं करत नाहीत' हेही नको. तिला उद्या त्याच सगळ्यांबरोबर काम करायचंय, कूस बदलताना पलीकडे उभी राहणारी त्यांच्यातलीच एक असते. शिवाय व्हेंटिलेटरच्या पेशंटला एक नर्स हा दंडक असला तरी पुष्कळ ठिकाणी एका नर्सकडे दोन पेशंट येतात. शेजारचा पेशंट जास्त सीरियस असेल तर तीच सिस्टर तुमच्या बेडशी कमी दिसते. त्याऐवजी एक वाक्य टाका: दिवसपाळीच्या आणि इतर सर्व स्टाफचेही आभार. कुणा ब्रदरचं (पुरुष नर्स), फिजिओथेरपिस्टचं नाव आठवत असेल तर तेही.

आणखी एक. गुगल रिव्ह्यूवर किंवा फेसबुकवर तिचा फोटो आणि पूर्ण नाव टाकू नका, तिला न विचारता तर नाहीच. आयसीयूतल्या फोटोत मागे दुसरा पेशंट असतो हेही लोक विसरतात.

नर्सिंग_ट्यूटर_इंदूर
ताई, घरच्यांना खर्च करायचाच असेल तर एक सुचवते. घशात नळी असताना पेशंट जागा असतो पण बोलू शकत नाही. त्यासाठी खुणेचा बोर्ड लागतो आणि तो बऱ्याच ठिकाणी नसतो, किंवा फक्त इंग्रजीत असतो. ए-4 कागदावर 12 चौकोन करा, प्रत्येकात मोठं चित्र आणि खाली जाड अक्षरात हिंदी आणि मराठी: दुखतंय, तहान लागली, श्वास लागतोय, छातीत कफ आहे, कूस बदला, गरम होतंय, थंडी वाजते, लघवी, भीती वाटते, घरच्यांना बोलवा, हो, नाही. मागच्या बाजूला माणसाचं रेखाचित्र, कुठे दुखतं ते बोटाने दाखवायला. चित्रं काळी-पांढरी आणि ठळक, कारण चष्मा नसतो, नजर स्थिर नसते. एका पानावर 12 पेक्षा जास्त टाकले तर थकलेला हात नेमका चौकोन दाखवू शकत नाही.

जाड लॅमिनेशन करा, कडा चारी बाजूंनी बंद हव्यात. कागद उघडा राहिला तर जंतुनाशकाने पुसताना पाणी आत शिरतं आणि तो बोर्ड टाकावा लागतो. भोक पाडून दोरा लावू नका, दोरा पुसता येत नाही. इन्फेक्शन कंट्रोल नर्सला आधी एक नमुना दाखवा, तिने होकार दिला की प्रत्येक खाटेला एक आणि दोन जादा असे द्या. त्यावर सासूबाईंचं नाव छापू नका, पत्रात उल्लेख केलात की झालं.

तात्या_टोपेनगर
धागा वाचतोय. एक प्रश्न. आमच्याकडे वडील आयसीयूतून परत आले नाहीत. सिस्टरांनी शेवटपर्यंत फार केलं. आता दोन महिने झाले. एवढ्या उशिरा, आणि माणूस गेल्यावर, असं पत्र द्यावं का?

क्रिटिकलकेअर_बडोदा
जरूर द्या. दोन महिने हा उशीर नाही, रोस्टर आणि नर्सिंग चार्ट तेव्हाही मिळतो. वर्षानंतर दिलं तरी चालेल, फक्त नर्सेस वॉर्ड बदलतात, नोकरी सोडतात, म्हणून नावं, निदान तारखा, आत्ताच लिहून ठेवा.

स्वतः जायलाच हवं असं नाही. त्या दारापाशी पुन्हा उभं राहणं जड जात असेल तर पोस्टाने किंवा ईमेलने नर्सिंग ऑफिसला पाठवा. बरा झालेला पेशंट कधीतरी पेढे घेऊन येतो. जो गेला त्याच्या घरून सहसा कुणी येत नाही, आणि सिस्टर मात्र मनात विचारत राहते की आपलं काही राहिलं का. शेवटच्या तासांत तिने जे केलं ते नेमकं लिहा: आवाजाचे अलार्म कमी केले, तोंड ओलं करत राहिली, तुम्हाला हात धरायला जागा करून दिली, तुळशीपत्र-गंगाजळ ठेवू दिलं, नंतर अंग पुसून, नळ्या काढून, डोळे मिटवून मगच तुम्हाला आत बोलावलं. त्यांना वेदना झाल्या नाहीत असं तुम्हाला वाटलं असेल तर तेही लिहा. ते एक वाक्य ती सिस्टर जपून ठेवेल.

रामबाग_इंदूर
तात्या, तुम्हीही लिहाच. माझी तीन वाक्यं काढली, दिवसपाळीचं वाक्य घातलं. सोमवारी दुपारी चारला इनचार्ज सिस्टरना फोन करून पत्र आणि पिशव्या घेऊन जातोय. बोर्डाचा नमुना नणंदबाई करतायत, साडीच्या पैशांत. चौकोनांची चित्रं झाली की इथे टाकते, मापं बघून सांगा.